सुकन्याकाकू गप्प राहिल्या

चाकूरच्या बाजारपेठेत उमाशंकर हालग्यांचं भांड्यांचं दुकान आहे. दुकान उमाशंकरचं, पण गिऱ्हाईक येतं ते सुकन्याकाकूंकडे, कारण भांड्यांवर नावं घालायचं काम काकूंचं. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन त्या या घरात आल्या. सासऱ्यांनी बारावी झालेल्या सुनेचं अक्षर बघितलं, हातात छिन्नी-हातोडी दिली आणि म्हणाले, "आता लातूरहून माणूस बोलवायची गरज न्हाई." पुढं छिन्नी गेली, विजेचं मशीन आलं. सत्तावीस वर्षं झाली याला. बारशाची वाटी, लग्नाचा हंडा, वास्तुशांतीची समई, रिटायर झालेल्या गुरुजींना द्यायचं ताट, सगळ्यांवर नाव आणि तारीख काकूंच्या हातची.

आणि एकदा मशीनखालून गेलेली तारीख या बाईच्या डोक्यातून जाईल तर शपथ. चाकुरात कुणाच्या लग्नाला किती वर्षं झाली ते नवरा-बायकोला आठवत नसेल, काकूंना आठवतं. बरं, आठवतंय तर मनात ठेवावं की नाही? ते जमत नाही. चुकीची तारीख कानावर पडली की त्यांना बसल्या जागी मुंग्या चढतात. एकदा दुकानात पाहुणे बसलेले, मुलीचा बाप ऐटीत सांगतोय, पोरीला आत्ता बाविसावं लागलं. काकूंनी मशीन बंद केलं आणि म्हणाल्या, "पंचविसावं. बारशाच्या वाटीवर मीच नाव घातलंय." पाहुण्यांनी चहा अर्धा ठेवला. त्या बापानं त्यानंतर साधा चमचासुद्धा दुसऱ्या दुकानातून घेतला.

"अगं, तुझ्या तोंडात तीळ भिजायचा न्हाई का कवा?" उमाशंकर कपाळाला हात लावून म्हणाले.

"मग काय चुकीचं ऐकून घेऊ?" काकू म्हणाल्या, आणि मशीन परत चालू केलं.

अशा बाईच्या आयुष्यात चार महिने मौनाचे आले, ते कसे आले ते आता ऐका.

पोस्टमन रविकांत सोनकांबळे यांची मुलगी महामाया. तीन वर्षांची असताना तापात तिचे डोळे गेले. पोरगी मात्र हुशार, आणि हट्टी म्हणाल तर बापाच्या दोन पावलं पुढं. बी.ए. झाली आणि इतिहासात एम.ए. करायला रोज एसटीनं लातूरला जाऊ लागली. छापलेलं पुस्तक मोबाईल तिला वाचून दाखवायचा. पण सरांच्या हाताच्या नोट्स, जुन्या झेरॉक्स, कोपरे फाटलेले कागद, यांच्यापुढं मोबाईलनं हात टेकले. एक दिवस रविकांत टपाल द्यायला दुकानात आले ते पिशवी घेऊनच.

"वैनी, दुपारच्याला तुमाला फुरसत आसती. पोरीला एवढं वाचून दाखवता का?"

काकूंनी पिशवी ठेवून घेतली. दुसऱ्या दिवसापासून दुपारी दोनच्या सुमाराला महामाया दुकानातल्या स्टुलावर बसू लागली. काकू मोठ्यानं वाचायच्या. मध्येच गिऱ्हाईक आलं की तांब्यावर नाव घालायच्या, आणि जिथं सोडलं तिथून पुन्हा सुरू. हंड्या-कळशांच्या मधोमध निजामाचं राज्य, रझाकार, शेतसारा, भूमिगत चळवळ असं सगळं दोन वर्षं चाललं. महामायाला ते पाठ व्हायचं, यात नवल नाही, तिला तेच करायचं होतं. काकूंनाही पाठ होऊन बसलं, आणि इथंच पुढच्या भानगडीचं मूळ आहे. कारण दुसऱ्या वर्षीच्या सतरा सप्टेंबरच्या झेंडावंदनाला पाहुणे भाषणात म्हणाले, पोलीस कारवाई तीन महिने चालली. बायकांच्या रांगेतून लगेच आवाज आला, "पाच दिवस." अख्ख्या मैदानानं मागं वळून बघितलं. उमाशंकर त्या वेळी झेंड्याकडे बघत होते, ते बघतच राहिले.

परीक्षेला महामायाला लेखनिक लागायचा, म्हणजे ती सांगेल आणि दुसरं कुणीतरी लिहील. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेला पाहिजे, असा नियम. काकू बारावी, अक्षर मोत्यासारखं, हात वेगाचा. महामायाच्या कॉलेजातल्या बसलिंगप्पा सरांनी त्यांना समोर बसवून एकदा स्वच्छ बजावलं.

"सुकन्याताई, तुमचा फक्त हात. डोकं चाकुरात ठेवून यायचं. पोरीनं आंब्याला चिंच म्हणलं तर चिंच लिहायचं. सुचवायचं न्हाई, सुधारायचं न्हाई, भुवई उडवायची न्हाई."

"भुवई तिला कुठं दिसती सर?"

"पर्यवेक्षकाला दिसती," सर म्हणाले. "ऐकू आलं न्हाई तर 'पुन्हा सांग' म्हणा. त्याच्यापुढं एक शब्द बोलायचा न्हाई. पोरीची इज्जत तुमच्या जिभेवर हाय."

काकूंनी ते मनावर घेतलं. तीन सेमिस्टर जीभ दाताखाली धरून पेपर लिहिले. महामाया चुकायचीच कमी, त्यामुळं काकूंचं निभावलं. बसलिंगप्पा सर तर म्हणायला लागले, यंदा इतिहासाचं सुवर्णपदक चाकूरला जाणार. पदक म्हणजे साधी गोष्ट नव्हे. नांदेडच्या विद्यापीठात भर समारंभात नाव पुकारतात, आणि ज्या पोरीला आजवर लोक "बिचारी" म्हणत आले तिच्यासाठी हजार माणसं टाळ्या वाजवतात. महामायाला ते पदक पाहिजे होतं. "काकू, मला कीव करणाऱ्यांची तोंडं बंद करायची हाईत," ती एकदा म्हणाली होती. काकूंना ते पदक तिच्यापेक्षा काकणभर जास्तच पाहिजे होतं.

शेवटच्या सेमिस्टरचा शेवटचा पेपर, लातूर, मे महिना. तळमजल्यावरची वेगळी खोली, कुरकुरणारा पंखा, दाराशी खुर्ची टाकून बसलेल्या पर्यवेक्षक बाई. पेपर हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा, म्हणजे महामायाच्या हातचा मळ. पोरगी रंगात आली होती. वाक्यामागून वाक्य असं येत होतं की काकूंच्या बोटांना दम खायला वेळ नव्हता. पंधरा ऑगस्ट सत्तेचाळीसला देश स्वतंत्र झाला, पण इथली जनता मात्र, असं करत करत ती शेवटाला आली आणि त्याच ओघात म्हणाली, "अखेर सतरा सप्टेंबर एकोणीसशे सत्तेचाळीस रोजी निजामानं शरणागती पत्करली."

काकूंचं पेन कागदाच्या वर थांबलं.

सत्तेचाळीस नव्हे, अठ्ठेचाळीस. मराठवाड्यात शेंबड्या पोराला विचारा. आधीच्या वाक्यातलं सत्तेचाळीस पोरीच्या जिभेला चिकटून राहिलं होतं, बाकी काही नाही. काकूंना पायाच्या अंगठ्यापासून मुंग्या चढल्या. आता "पुन्हा सांग" एवढं म्हणायचं. नियमानं चालतंय की ते. काकूंच्या आवाजावरून पोरीनं बरोबर ओळखलं असतं, जीभ सावरली असती, अठ्ठेचाळीस म्हणाली असती. दाराशी बसलेल्या बाईंना काय कळणार होतं? पण काकूंना ऐकू आलं होतं. नीट, लख्ख ऐकू आलं होतं. ऐकू आलेलं असताना ऐकू आलं नाही म्हणायचं, म्हणजे ते पोरीचं उत्तर राहिलं नसतं.

"काकू, झालं लिहून?" महामायानं विचारलं.

"हाव," काकू म्हणाल्या, आणि सत्तेचाळीस लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माहीत असलेली चूक स्वतःच्या हातानं कागदावर उतरवली. सगळं परत वाचून दाखवायला शेवटी वेळच उरला नाही, घंटा झाली आणि पेपर गेला.

परतीच्या बसमध्ये काकूंनी ठरवलं होतं, सांगून टाकायचं. पण महामाया खिडकीशी बसून हसत होती. "काकू, मुक्तिसंग्रामाचं उत्तर आज असं झालं की सर फ्रेम करून लावतेत बगा," म्हणाली. मग कुठल्या तोंडानं सांगणार? काकूंनी तोंड मिटलं. घरी आल्यावर जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुकानात एक गिऱ्हाईक आजोबांच्या वयात दहा वर्षांचा घोळ घालून गेलं, तरी काकू बोलल्या नाहीत. उमाशंकर घाबरले.

"डॉक्टरकडं जायचं का?"

"कशाला?"

"तू गप बसलीस म्हणून."

जुलैमध्ये निकाल लागला. महामाया विद्यापीठात इतिहासात पहिली आली. रविकांत टपालाची पिशवी खांद्याला तशीच घेऊन दुकानात धावत आले, उमाशंकरनी तांब्याचा हंडा उपडा करून त्यावर थाप मारली, समोरच्या कापडवाल्यानं पेढे आणले, आणि अर्ध्या तासात दुकानापुढं ही गर्दी जमली. काकूंनी महामायाला अशी मिठी मारली की पोरीचा काळा चष्मा वाकडा झाला. एक साल चुकून सुद्धा पहिली आली म्हणायचं, बाकी पेपर कसले सोन्यासारखे गेले असतील. काकूंच्या छातीवरचा दगड उतरला. आता ती चूक कुणाला कळायची गरज नाही, त्यांनी मनाशी ठरवलं. याच समारंभात उत्कृष्ट शिक्षक म्हणून बसलिंगप्पा सरांचाही सन्मान होणार, अशी खबर आली. गुरू आणि शिष्या एकाच मंचावर. चाकूर ते लातूर सगळीकडे हीच चर्चा.

आठ दिवसांत विद्यापीठाचं पत्र आलं. ते रविकांतनीच वाटपाच्या गठ्ठ्यातून काढलं, स्वतःच्या घरचं पत्र स्वतःच घेऊन आले.

कुणीतरी निनावी तक्रार केली होती. लेखनिक बाईला इतिहास तोंडपाठ आहे, भर झेंडावंदनाला पाहुण्यांची चूक काढणारी बाई आहे, उत्तरं मुलीची नसून बाईची आहेत, आणि बसलिंगप्पा सरांनी हे माहीत असून शिफारस केली, असं त्यात होतं. चौकशी होईपर्यंत पदक राखून ठेवलं होतं. तिघांनाही सप्टेंबरात नांदेडला बोलावलं होतं.

काकूंच्या पायाखालची जमीन सरकली. पोरगी दोन वर्षं रात्रीचा दिवस करून पहिली आली, आणि आपल्या तोंडाळपणापायी तिचं पदक अडकलं. त्या रडल्या, स्वतःला शिव्या दिल्या. महामाया मात्र पत्र ऐकून दगडासारखी बसली. "म्हणजे आंधळीला एवढं येतच नसतं, असंच ना?" एवढंच म्हणाली.

निघताना उमाशंकरनी बायकोला बसस्टँडवर बाजूला घेतलं. "हे बग, काई बी विचारू दे, 'माहीत न्हाई' म्हणायचं. इतिहासाचं तुला काईच माहीत न्हाई. भांड्यावर नावं घालती, बस्स. कळलं?"

"कळलं."

"म्हणून दाखव."

"माहीत न्हाई," काकू म्हणाल्या. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, तरी ओठातल्या ओठात तेच घोकत होत्या.

विद्यापीठातल्या खोलीत लांब टेबल, पलीकडं तिघे जण. मधे अध्यक्ष मॅडम, एका बाजूला चष्मेवाले सर, दुसरीकडं लिहून घेणारे. समोरच्या फाईलमध्ये उत्तरपत्रिका. काकूंनी नाव सांगितलं, गाव सांगितलं, शिक्षण सांगितलं. गाडी रुळावर होती.

"तुम्ही इतिहास वाचता?" चष्मेवाल्या सरांनी विचारलं.

"हिला वाचून दाखवते सर. मोठ्यानं."

"मग लक्षात राहत असेल."

"माहीत न्हाई."

"असं कसं? आता बघा, ऑक्टोबर सत्तेचाळीसमध्ये निजामानं भारत सरकारशी जैसे थे करार केला, तेव्हा..."

"नोव्हेंबर," काकू म्हणाल्या. "एकोणतीस."

सरांनी ते मुद्दाम केलं की चुकून, देव जाणे. काकूंनी तोंडावर हात ठेवला, पण निघून गेलेलं परत येतंय होय? सरांनी आणखी चार प्रश्न विचारले. पोलीस कारवाई कुठल्या तारखेला सुरू झाली, शरणागती कधी, असं एकेक. "माहीत न्हाई" घशापर्यंत यायचं आणि उत्तर त्याला ढकलून बाहेर पडायचं. चारही बरोबर. बसलिंगप्पा सरांनी मान खाली घातली. चष्मेवाल्या सरांनी पेन खाली ठेवलं आणि मॅडमकडे वळून म्हणाले, "तक्रारीत तथ्य दिसतंय."

महामायानं खुर्चीचा हात घट्ट धरला होता. काकूंना वाटलं, धरणीनं आता पोटात घ्यावं.

मॅडम इतका वेळ ऐकत होत्या. त्यांनी उत्तरपत्रिकेची पानं उलटली, अकरावं पान काढलं आणि काकूंपुढं सरकवलं. "ही ओळ वाचा."

काकूंनी ओळ बघितली. तीच ओळ होती.

"वाचा ना ताई."

"अखेर सतरा सप्टेंबर एकोणीसशे... सत्तेचाळीस रोजी निजामानं शरणागती पत्करली."

शेजारी महामायानं श्वास आत ओढला. बसलिंगप्पा सरांनी मान वर केली.

"आत्ता तुम्ही सरांना अठ्ठेचाळीस म्हणालात," मॅडम म्हणाल्या. "आणि इथं तुमच्याच अक्षरात सत्तेचाळीस आहे. लिहिताना तुम्हाला बरोबर साल माहीत होतं?"

बघा, इथं "माहीत न्हाई" म्हटलं असतं तर चाललं असतं. निदान महामायापुढं तरी लाज राहिली असती. पण काकूंचा बांध फुटला.

"माहीत होतं. आमच्या मराठवाड्यात कुणाला माहीत न्हाई मॅडम? तिनं सत्तेचाळीस म्हणलं आणि माझा हात थांबला. मला वाटलं, म्हणावं पुन्हा सांग. एवढं म्हणलं असतं तरी पोरगी सावरली असती. लई वाटलं. पण मला ऐकू आलं होतं ना. सरांनी सांगितलेलं, ऐकू आलं न्हाई तरच म्हणायचं. म्हणून लिहिलं सत्तेचाळीस. त्या दिवसापासून घास गोड लागला न्हाई मला. तिला बी सांगितलं न्हाई, नवऱ्याला बी न्हाई. माझं तोंड वाईट हाय, सगळ्या गावाला माहीत हाय, तुमी आत्ता बघितलंच. पण त्या खोलीत मी तोंड उघडलं न्हाई. पोरीचं पदक देऊ नका वाटलं तर, पण तिनं चोरी केली आसं म्हणू नका."

लिहून घेणाऱ्यांनी लिहायचं थांबवलं होतं. चष्मेवाल्या सरांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. "ऑक्टोबरमध्ये करार झाला असं ऐकून ज्या बाईला अर्धा मिनिट गप्प बसवलं नाही," मॅडम त्यांना म्हणाल्या, "त्या बाईनं स्वतःची उत्तरं लिहिली असती तर ही ओळ अशी राहिली असती का?"

सरांनी फाईल मिटली. "कळवतो," म्हणून सगळ्यांना बाहेर पाठवलं.

परतीच्या बसमध्ये दोघी शेजारी बसल्या. काकू तिच्याकडे बघायच्या आणि नजर खिडकीबाहेर न्यायच्या. लोहा आलं तेव्हा पोरीनंच विषय काढला.

"काकू, खरंच मी सत्तेचाळीस म्हणले?"

"हाव."

"मग बसमधीच का न्हाई सांगितलं? पेपर गेलता. नियम संपला होता."

"तू हसत होतीस ग. मला तुझं हसू घालवावं वाटलं न्हाई."

"मला राग आलाय तुमचा," महामाया म्हणाली. "चुकलं तर चुकलं म्हणून सांगायचं मला. मी काय काचेची हाय का? सगळ्याच्या चुका काढता आणि माझीच तेवढी झाकून ठेवता."

काकूंना ते लागलं. पोरीचं खरं होतं. "चुकले मी," त्या म्हणाल्या. अशी कबुली त्यांनी उमाशंकरना सत्तावीस वर्षांत दिलेली नाही.

थोड्या वेळानं महामायाचे खांदे हलायला लागले. काकू घाबरल्या, रडतेय की काय. ती हसत होती. "चार महिने गप बसलात काकू? तुमी?" मग काकूही हसायला लागल्या, हसता हसता डोळ्यांतून पाणी, आणि पुढच्या सीटवरचे बसलिंगप्पा सर मागं वळून म्हणाले, "आरं देवा, निकाल लागायच्या आधीच काय हे?"

निकाल दहा दिवसांनी लागला. सरांचा फोन दुकानात आला तेव्हा काकू एका ताटावर नाव घालत होत्या. तक्रार फेटाळली. पदक महामायाचंच, आणि सरांचा सन्मानही कायम. काकूंनी फोन हातात धरूनच रस्त्यावर धाव घेतली आणि पोस्टाच्या दिशेनं अशा पळत सुटल्या की बाजारातल्या बायका उठून उभ्या राहिल्या. गिऱ्हाईकाचं ताट "चि." एवढ्यावरच अडकलं ते संध्याकाळपर्यंत.

समारंभाच्या दिवशी उमाशंकरनी बाजाराचा वार असून दुकान बंद ठेवलं. क्रूझर गाडी ठरवली, तिच्यात दहा जणांच्या जागी चौदा बसले. महामायाच्या आईनं, रेणुकावैनींनी, लेकीला निळ्या काठाची पांढरी साडी नेसवली होती आणि वाटेत चार वेळा निऱ्या नीट केल्या. रविकांत पोस्टाच्या गणवेशातच आले. "हाच माझा चांगला ड्रेस," म्हणाले. विद्यापीठाच्या फाटकातून आत शिरताना चौदाच्या चौदा माणसं एकदम बोलत होती, आणि काकू सगळ्यांत मोठ्यानं.

सभागृह गच्च भरलेलं. एकेक नाव पुकारलं जात होतं, एकेक पोरगं, पोरगी वर जात होती, खाली आई-बापांचे मोबाईल वर होत होते. महामायाला हाताला धरून वर न्यायचं काम काकूंचं. त्या पहिल्या रांगेच्या टोकाला बसल्या होत्या आणि पाय जमिनीवर ठरत नव्हता.

"काकू, किती लोकं हाईत?"

"सगळ्या खुर्च्या भरल्यात. मागं भिंतीला टेकून उभे हाईत. दारात बी हाईत."

"इतिहास. सुवर्णपदक. महामाया रविकांत सोनकांबळे, चाकूर."

"पाच पायऱ्या हाईत," काकू कानात म्हणाल्या, आणि दोघी निघाल्या. पाचवी पायरी चढल्यावर काकूंनी हात सोडला आणि मागं सरकल्या. पदक गळ्यात पडलं. टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात, मागचे लोक उठून उभे राहिले, मग पुढचे उठले. महामायानं मान थोडी तिरकी करून तो आवाज ऐकून घेतला, सगळा ऐकून घेतला. रविकांत खाली उभे राहून नुसते हात जोडत होते, कुणाला ते त्यांनाही माहीत नसावं. काकू मंचाच्या कडेला उभ्या राहून रडत होत्या आणि हसत होत्या, आणि आपण कॅमेऱ्याच्या मधे येतोय याचं त्यांना भान नव्हतं.

त्यानंतर बसलिंगप्पा सरांना शाल पांघरली. सरांनी दोन वाक्यांचं भाषण केलं. "शिक्षकाला विद्यार्थी मोठा करतो. आज मला मोठं करणारी समोर बसली हाय," एवढं म्हणाले आणि खाली उतरले.

कार्यक्रम संपला. बाहेरच्या मोठ्या दालनात एका टेबलावर जाड वही ठेवली होती. सन्मान झालेल्यांनी तीत चार ओळी लिहायच्या, अशी पद्धत. रांग लागली होती. आधीच्यांनी लिहिलेलं होतं, आई-वडिलांचे आभार, गुरुजनांचे आभार, विद्यापीठाचे आभार. महामायाची पाळी आली. तिनं काकूंकडे हात केला.

"काकू, लिहून घ्या."

काकूंनी पेन घेतलं. "सांग."

महामाया परीक्षेत सांगायची तशी, वाक्य तोलून, सावकाश सांगायला लागली. "माझ्या उत्तरपत्रिकेत अकराव्या पानावर एक साल चुकलेलं आहे. ते मी चुकले. बरोबर साल माझ्या लेखनिक सुकन्या उमाशंकर हालगे यांना माहीत होतं."

काकूंनी पहिली दोन वाक्यं लिहिली आणि पेन उचललं. "हे कशाला ग बाई? ही वही सगळे वाचतेत. आजच्या दिवशी चूक कशाला काढायची? आणि माझं नाव तरी गाळ."

"लिहा काकू."

"आगं, पण..."

"मी सांगते ते लिहायचं असतंय."

काकूंनी पेन पुन्हा कागदाला टेकवलं. त्यांनी खाली वाकून स्वतःचं नाव लिहिलं, नवऱ्याचं लिहिलं, आडनाव लिहिलं.

"पुढं," महामाया म्हणाली. "तरी त्यांनी मी सांगितलं तेच लिहिलं. म्हणून हे पदक माझं आहे."

काकूंनी ते लिहून पूर्ण केलं, आणि पेन मागच्या मुलीला द्यायचं सोडून मुठीत तसंच धरून उभ्या राहिल्या.